पंखा पडला तर कुठवर पडेल?

परवा चुलतभावाचा पुण्याहून फोन. "तू पवनचक्क्यांच्या विरोधात बोलत फिरतोस म्हणे? मग काय, कोळसाच जाळायचा का?" आमच्या घराण्यात असले वाद फोनवर मिटत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

दादा, मी विरोधात नाही. सज्जनगडावर उभं राहिलं की लांबवर सड्यांवर फिरणारी ती पांढरी पाती मलाही बघत बसावीशी वाटतात. माझं भांडण पात्यांशी नाहीच. ती कुठे उभी करायची हे ठरवणाऱ्या कागदाशी आहे.

केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली. रस्ता, रेल्वे, इमारत यांच्यापासून पवनचक्की किती लांब हवी? मनोऱ्याची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाचा अर्धा व्यास, अधिक पाच मीटर. मनोरा ८० मीटर आणि व्यासही ८० धरा. ८० अधिक ४० अधिक ५, झाले १२५ मीटर. म्हणजे अख्खा पंखा आडवा पडला तरी तुमच्या भिंतीच्या अलीकडे पाच मीटर शिल्लक! त्या पाच मीटरांचं मला भारी कौतुक वाटतं. आवाजाचा त्रास नको म्हणून राहत्या घरापासून ५०० मीटर, हे आणखी एक कलम. चांगलंच आहे.

पण सड्यावर घर असतं कुठे? आपल्या गावाची घरं खाली उताराला. वर नुसता उघडा जांभा, आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव 'पोटखराबा'. खराबाच तो, मग त्याच्यापासून अंतर कशाला मोजायचं? त्या खराब्यावर पावसाळाभर गुरं चरतात, तिथे मुरलेलं पाणी खाली आपल्या झऱ्याला येतं, हे सातबाऱ्याला कोण सांगणार? कासचा सडा २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेला. त्याच जांभ्याचे आजूबाजूचे सडे मात्र खराबेच राहिले.

चाळकेवाडीच्या सड्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी मोजणी केली होती, २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी साधारण चौपटीने कमी. खाणारे गेले म्हणून सरडे वाढले, आणि गर्दी झाल्यावर त्यांचं वागणंही बदललं. (त्या सरड्याचं शास्त्रीय नाव 'सराडा', आपल्या 'सरडा'वरूनच ठेवलेलं. तेवढं तरी मराठी सड्यावर टिकलं!) आता हा घारींचा हिशेब त्या १२५ मीटरांत कुठे बसवायचा?

मोठ्या खाणीला जनसुनावणी लागते, मोठ्या धरणाला लागते. पवनचक्कीला नाही. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण परवानगीच्या यादीत तिचं नावच नाही. वनजमीन असली तर गोष्ट निराळी. पण जमीन खाजगी असेल तर गावाला पहिल्यांदा कळतं ते क्रेन वर चढताना.

आणि दुखणं तिथेच आहे. खरा उत्पात मनोऱ्याने नाही, रस्त्याने केला. एवढं लांब पातं वळणावरून न्यायचं तर घाट रुंद हवा. वर जाणारा आपला रस्ता फोडला, आणि निघालेली माती-दगड उचलून न नेता सरळ उतारावर ढकलून दिली. त्याच पावसाळ्यात ती आपल्या खालच्या खाचरात येऊन बसली. भाताची लावणी झाली होती. काकांनी स्वतः सड्यावरचा तुकडा दिला होता. त्यांना मी दोष देत नाही, त्या पैशातून घरावर स्लॅब पडला. पण अर्ज घेऊन तेच गेले, तेव्हा उत्तर काय मिळालं? "पवनचक्की तुमच्या घरापासून नियमाप्रमाणे लांब आहे."

खरंच होती की हो!

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की अंतर झऱ्यापासूनही मोजा आणि रस्त्याची मातीही नियमात धरा. जमिनीचा व्यवहार व्हायच्या आधी सड्याचा नकाशा ग्रामसभेत मांडा, कंपनी जेवण घालते त्या दिवशी नको. एवढ्याने वीज महाग झाली तर होऊ दे की थोडी. आज तो फरक काकांच्या खाचरातून वसूल होतोय.

दादा, दिवाळीला येशील तेव्हा आपण दोघं त्या खाचरात उतरू. टेप मी आणतो.