वडिलांचं ड्रिल मशीन : ठेवायचं की बदलायचं?



परवा कराडला ओगलेवाडीत एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. उसाच्या ट्रॉल्यांची कामं. कोपऱ्यात वडिलांनी घेतलेलं बिडाचं पिलर ड्रिल. मालक म्हणाला, "सर, नवीन घेऊ का? गिऱ्हाईकासमोर लाज वाटते." मी विचारलं, "गिऱ्हाईक पैसे मशीनचे देतं की भोकाचे?"

माझं मत सरळ आहे. मशीनचं वय बघू नका, त्याचं काम बघा.

आधी मेन स्विच बंद. चकमध्ये ग्राइंड केलेला सरळ रॉड धरा, डायल गेज लावा, स्पिंडल हाताने फिरवा. काटा जास्त हलला तर चक काढून स्पिंडलच्या टेपरमध्ये बघा. टेपर ठीक असेल तर दोष चकचा. टेपरही हलत असेल तर बहुतेक बेअरिंग गेलंय. दोन्ही बदलता येतात. पण स्पिंडल पूर्ण खाली घेतल्यावर त्याची नळीच बॉडीत लटपटत असेल, तर बोअर झिजलंय. ते काम मोठं. आधी कोटेशन घ्या.

आता हिशोब. समजा नवीन मशीन 60,000, दुरुस्ती 8,000. फरक 52,000. दुरुस्तीनंतरही महिन्याला 4 जॉब वाया जातात, प्रत्येकी 150 रुपये. म्हणजे 600. फरक वसूल व्हायला सात वर्षांच्या वर! पण 40 जॉब वाया जात असतील तर नऊ महिन्यांत पैसे सुटतात. म्हणून महिनाभर वाया गेलेले जॉब वहीत लिहा. आणि रेग्युलर जीएसटीवाल्यांनो, क्रेडिट मिळणार असेल तर किंमत जीएसटी सोडून धरा. कंपोझिशनवाल्यांना ते मिळत नाही.

ट्रॉलीच्या बोल्टच्या भोकाला जुनं मशीन चालतं. उद्या तासवडे एमआयडीसीतल्या कंपनीचं ड्रॉइंगवरचं काम घ्यायचं असेल, तर तिथं भावना चालत नाही. आणि बेल्टवर गार्ड नसेल तर ते आजच बसवा, त्यात हिशोब करायचा नसतो.

निर्णय पावसाळ्यातच घ्या. गळीत हंगामात मशीन बसलं, तर मिळेल ते, मिळेल त्या भावाने घ्यावं लागतं.

त्या मालकाच्या मशीनचा फक्त चक गेला होता. लाज साठ हजारांची, दोष एका चकचा!