मुसद्दीलाल आणि आपली खुर्ची

शेतकरी बंधू-भगिनींनो, आणि चावडीत, पंचायतीत बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, आज पीकपाणी जरा बाजूला ठेवून एका टीव्ही मालिकेबद्दल बोलतो. रागावू नका, विषय आपल्याच टेबलाचा आहे.

२००१ साली सब टीव्हीवर ‘ऑफिस ऑफिस’ ही हिंदी मालिका सुरू झाली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. गल्लीत केबल एकाच घरी, त्यामुळे त्या दारात चपलांचा ढीग पडायचा. पंकज कपूरचा मुसद्दीलाल हा साधा माणूस काही ना काही कामासाठी सरकारी कचेरीत जायचा. कचेरी दर वेळी वेगळी, पण आत माणसं तीच पाच. समोसे हाणणारा भाटिया, पान चघळणारा शुक्ला, कुठल्याही कामात ‘दोन गोष्टी’ काढणारा पटेल, पांडे, आणि आपल्या आसावरी जोशींनी केलेली उषाजी. आम्ही पोरं हसून लोळायचो. वडील तर सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. वारसाच्या एका नोंदीसाठी त्यांनी दीड वर्ष खेटे घातले होते, हे मला फार उशिरा कळलं.

परवा मोबाईलवर तेच भाग पुन्हा बघायला घेतले. हसू आलं, नाही असं नाही. पण तिसऱ्या भागाला मी मोबाईल उपडा ठेवला. लहानपणी वाटायचं, ही माणसं वाईट, कारण ती पैसे खातात. आता नीट बघितलं तर मुसद्दीलालला पैशाआधी घोळवतात ते बोलण्यानं. हा त्याच्याकडे पाठवतो, तो हिच्याकडे. आज एक कागद, उद्या दुसरा. साहेब जागेवर नाहीत. आणि ही सगळी वाक्यं, मंडळी, माझ्या तोंडी आहेत! मी पैशाला शिवत नाही, म्हणून मी स्वतःला त्या पाच जणांत धरत नव्हतो, एवढंच.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. एक मावशी ठिबकच्या अनुदानासाठी आल्या. पहिल्यांदा मी सातबारा, आठ-अ सांगितला. दुसऱ्यांदा बघितलं तर पासबुकावरचं नाव आधारशी जुळेना. तिसऱ्यांदा बिल. चौथ्यांदा मी मीटिंगला निघालो होतो, म्हटलं सोमवारी या. त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, सगळं एकदाच सांगितलं असतं तर माझी तीन दिवसांची मजुरी वाचली असती.” भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता आमचीही बाजू ऐका. एकेका माणसाकडे चार-चार गावं, त्यात पंचनामे, पीक कापणी प्रयोग, वरून मागितलेले अहवाल. पोर्टल बंद पडलं की शिव्या समोरच्याला. खरं तर ‘सर्व्हर डाऊन’ हा त्या पाच जणांत सहावा येऊन बसलाय, आणि त्याला समोसाही चालत नाही. पण कागदांची यादी एका चिठ्ठीवर लिहून द्यायला सर्व्हर लागत नाही. मावशींनंतर मी ती यादी छापूनच ठेवली आहे, योजनेला एक. त्यानं माझेच निम्मे फोन कमी झाले. मग इतकी वर्षं का सुचलं नाही? कारण समोरच्याचा दिवस फुकटचा, असं आपण खुर्चीत बसलो की धरून चालतो.

मालिका सुरू झाली तेव्हा माहितीचा अधिकार कायदा देशभर नव्हता, तो २००५ ला आला. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित केलेल्या सेवेसाठी अर्ज दिला की पोच मिळाली पाहिजे, काम किती दिवसांत होणार ते कळलं पाहिजे, आणि झालं नाही तर अपील करता येतं. मुसद्दीलालच्या हाती यातलं काही नव्हतं. तुमच्या हाती आहे, तरी बहुतेक जण पोच न घेताच माघारी जातात. का, तर साहेबाला राग येईल.

येऊ द्या. माझ्याकडे आलात तरी आधी पोच मागा. त्या मावशींचं अनुदान मार्चमध्ये जमा झालं. पण चौथ्या खेपेची मजुरी कुठल्या हेडखाली द्यायची, ते मला अजून सापडलेलं नाही.