नाव तेच, माणूस दुसरा

सर्जापूर रोडवरच्या मराठी घरात वंशवृक्ष साधारण असा तयार होतो. मुलीला शाळेतून ‘फॅमिली ट्री’ करून आणायला सांगतात. आई गावाकडे आजीला व्हिडिओ कॉल लावते. आजी आठवून आठवून चार पिढ्यांची नावं सांगते आणि बाबा ती लॅपटॉपवर फॅमिलीसर्चमध्ये नाहीतर जेनीवर भरतात. तेवढ्यात पडद्यावर सूचना येते: ही व्यक्ती दुसऱ्या एका झाडातही दिसते, जोडायची का? बाबा खुशीत ‘हो’ दाबतात. चार पिढ्यांचं झाड क्षणात अकरा पिढ्यांचं होतं आणि मुलीला वर्गात शाबासकी मिळते.

वर्षभराने कुणा अनोळखी बाईंचा निरोप येतो: आमच्या पणजोबांना तुम्ही तुमच्या पणजीचे वडील कसे केलेत?

अशी आधार नसलेली जोडणी ओळखायची कशी, आणि ओळखल्यावर कुणाचं मन न दुखवता सोडवायची कशी, हे आज पाहू.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. फॅमिलीसर्च, विकीट्री किंवा जेनी या ठिकाणी ‘माझं झाड’ असं काही नसतं. तिथे सगळ्यांचं मिळून एकच झाड असतं आणि गेलेल्या प्रत्येक माणसाचं एकच पान असावं, अशी अपेक्षा असते. तुमच्या पणजोबांचं पान तुमच्या चुलत आत्याच्या नातवाचंही तेवढंच आहे. घरच्या वहीत चूक झाली तर ती वहीतच राहते. इथली चूक मात्र दुसरे लोक उचलतात आणि पुढे नेतात. मग दहा झाडांत तीच ओळ दिसते आणि आपल्याला वाटतं, दहा जण म्हणतायत म्हणजे खरंच असणार. बहुतेक वेळा ती एकाच चुकीची दहा छायाचित्रं असतात. दुसऱ्याचं झाड हा पुरावा नव्हे, एवढं जरी ध्यानात ठेवलंत तरी निम्मं काम झालं.

चूक मुळात होते कशी? यंत्र नाव, साल आणि गाव जुळवतं. आपल्याकडे नावं घराण्यात फिरून फिरून येतात, हे त्याला माहीत नसतं. आजोबांचं नाव नातवाला देतात, गेलेल्या काकांचं नाव पुतण्याला देतात.

याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्या बंगळूरशीच जोडलेलं आहे. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून हे शहर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांचे थोरले चिरंजीव संभाजीराजे वडिलांबरोबर कर्नाटकातच राहिले आणि कनकगिरीला लढताना मारले गेले. १६५७ साली पुरंदरावर शिवाजी महाराजांना मुलगा झाला, त्याचंही नाव संभाजी. पुढे राजाराम महाराजांच्या मुलाचं नावही संभाजी ठेवलं गेलं. ते कोल्हापूरच्या गादीवर होते आणि १७६० साली वारले. म्हणजे काका, त्यांचा पुतण्या आणि त्या पुतण्याचाही पुतण्या, तिघेही ‘संभाजी भोसले’. यातल्या पहिल्या दोघांची पानं कुणी एक केली, तर शिवाजी महाराज आपल्याच थोरल्या भावाचे वडील होऊन बसतील! इथे चूक लगेच लक्षात येते, कारण ही माणसं सगळ्यांना माहीत आहेत. तुमच्या घरातले दोन रामचंद्र किंवा तीन विठोबा एकमेकांत मिसळले, तर ते कोण ओळखणार?

सुदैवाने मराठी नावातच एक कुलूप आहे: मधलं नाव. वडिलांचं नाव तिथे येतं. सूचना आली की आधी मधलं नाव पाहा. ते जुळत नसेल तर गाव, साल, आडनाव सगळं जुळलं तरी थांबा. आडनावावर तर अजिबात विसंबू नका. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख ही कामावरून पडलेली नावं आहेत. प्रत्येक गावाला आपला पाटील होता, त्यामुळे दोन पाटलांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही. ‘कर’ लावलेलं आडनाव गाव सांगतं, बाप सांगत नाही. आणि गोत्र जुळलं म्हणजे नातं सिद्ध झालं, असंही नाही.

जन्मतारखेचीही एक गंमत आहे. तुमच्या ओळखीच्या ज्येष्ठांपैकी कितीजणांचा वाढदिवस १ जूनला येतो, मोजून पाहा. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे दोन माणसांची १ जून जुळली, तर त्यातून एवढंच कळतं की दोघांनाही शाळेत घातलं होतं.

घरातली हाक हाही एक चकवा आहे. अण्णा, तात्या, नाना, भाऊ ही नावं म्हणून भरली जातात. त्यात आपण बंगळूरला! इथल्या शेजाऱ्यांचा ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ. आपल्या घरात मात्र अण्णा म्हणजे कधी वडील, कधी आजोबा, कधी धाकटे काकासुद्धा. शिवाय मावसभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ असे नेमके शब्द हाताशी असूनही प्रेमापोटी आपण नुसतं ‘भाऊ’ म्हणतो, आणि फॉर्म भरणारा नातू त्याला सख्खा भाऊ करतो.

पण सगळ्यात जास्त गोंधळ बायकांच्या पानांवर असतो, आणि मला वाटतं तिथेच सगळ्यात जास्त काळजी घ्यायला हवी.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायची आपली पद्धत. माहेरची गोदावरी सासरी लक्ष्मी झाली की झाडात तिची दोन पानं होतात. एक माहेरच्यांनी केलेलं, त्यावर लग्नाचा पत्ता नाही. दुसरं सासरच्यांनी केलेलं, त्यावर आईबाप नाहीत. ही दोन पानं एक करायला हवीत, कारण ती खरोखर एकच बाई आहे.

याच्या उलटही घडतं. पूर्वी बाळंतपणात बाई गेली की घरात दुसरी सून यायची. फॉर्म भरणाऱ्याला एकच आजी आठवते, म्हणून दोघींची मुलं एकीच्याच नावावर चढतात. समजा, झाडात एका बाईंची मुलं १८८८ ते १९१२ या काळात जन्मलेली दिसतात आणि गावच्या कोतवाल बुकात त्या घरातली सून १८९६ साली वारल्याची नोंद आहे. मग १८९६ नंतरची मुलं कुणाची? दुसरीची. आणि त्याआधीची मुलं पहिलीची, जिचं नावच आता कुणाला माहीत नाही. इथे जोडणी सुधारणं म्हणजे नुसती तारीख दुरुस्त करणं नसतं. दोन-तीन मुलांना जन्म देऊन गेलेली एक बाई सव्वाशे वर्षांनी आपल्या जागी परत येते.

ही पहिली बाई शोधायची एक घरगुती वाट आहे. आजीला विचारा, ‘आपल्याकडे अविधवा नवमीला कुणाचं पान वाढतात?’ पितृपक्षातली ही नवमी नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. ज्या घरात ती पाळतात, तिथे कुणीतरी सवाष्ण गेलेली असते. पुष्कळदा नाव विसरलेलं असतं, पण पान वाढायचं विसरलेलं नसतं. हा कागदाइतका पक्का पुरावा नाही, पण कागद कुठे शोधायचा हे त्यातून कळतं.

दत्तकाचं प्रकरण वेगळं. एका माणसाला दोन वडील दिसले की लगेच कात्री चालवू नका. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. १८८४ साली ते गादीवर दत्तक आले. बडोद्याचे सयाजीराव म्हणजे कवळाण्याचे गोपाळराव, ते १८७५ साली दत्तक गेले. या दोघांचेही दोन्हीकडचे आईवडील खरेच आहेत. झाडात प्रत्येक नात्यापुढे ते जन्माचं की दत्तकाचं हे नोंदवायची सोय असते. तिचा उपयोग करा, कुणालाही खोडू नका.

एवढा खटाटोप कशाला, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. छंद आहे, चुकलं तर चुकलं! पण वंशावळ हा आता नुसता छंद राहिलेला नाही. कर्नाटकात ‘वंशवृक्ष’ नावाचा दाखला महसूल खातं देतं आणि घरातलं कुणी गेल्यावर जमीनजुमला, खातं वारसांच्या नावावर करताना तो मागतात. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यापासून तर कुणबी नोंदींसाठी गावोगावची जुनी दप्तरं उघडली गेली आहेत आणि घरोघरी लोक पणजोबा, खापरपणजोबा शोधत आहेत. ते शोधणं रास्तच आहे. पण ऑनलाइन झाडावरची ओळ तशीच उचलून प्रतिज्ञापत्रात घातली, तर खाली सही आपली असते. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल जाब आपल्यालाच द्यावा लागतो, झाड भरणाऱ्या अनोळखी माणसाला नाही.

आता दुरुस्तीकडे येऊ. पहिला नियम: माणूस पुसायचा नाही, नातं सोडवायचं. चुकीने जोडलेले ते ‘वडील’ कुणाचे तरी खरे वडील आहेतच. त्यांचं पान उडवलं तर दुसऱ्याच्या घराचं नुकसान. हात लावण्याआधी त्या पानावरचा बदलांचा इतिहास उघडा. कुणी जोडलं, केव्हा जोडलं, कारण काय दिलं, हे तिथे दिसतं. मग जोडलेले कागद एक एक उघडून वाचा. पुष्कळदा पाच कागद लावलेले असतात, पण त्यातल्या एकातही बापाचं नाव नसतं! कागदात जेवढं लिहिलंय तेवढंच तो सांगतो.

कुठला कागद अधिक भरवशाचा? जो घटनेच्या जवळचा आणि ज्याला खोटं लिहायचं कारण नव्हतं, तो. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुक, फेरफार, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्यांत आजोबांनी स्वतःच्या हाताने केलेली नोंद. छापील कुलवृत्तांत मोलाचे आहेत, पण घराघरांतून मागवलेल्या माहितीवर ते बेतलेले असतात आणि लेकीबाळींच्या बाबतीत बरेच कंजूष असतात. शिवाजी महाराजांचं जन्मसाल पूर्वी १६२७ धरलं जाई. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली आणि १६३० पुढे आलं. त्यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. आज सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला होते. तेव्हा तुमच्या चुलत काकांनी एका निरोपात ऐकलं नाही, तर फार मनाला लावून घेऊ नका.

निरोप मात्र आधी पाठवाच. न सांगता नातं तोडलं की समोरच्याला ते आपल्या घरात शिरल्यासारखं वाटतं. मी साधारण असं लिहिते:

‘नमस्कार काका, मी बंगळूरहून लिहिते आहे. आपण एकाच घरचे असू असं वाटतं, म्हणून विचारते. आमच्या पणजोबांचे वडील म्हणून आपण जे नाव जोडलं आहे, त्याविषयी शंका आहे. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव वेगळं आहे, फोटो सोबत पाठवते. या जोडणीचा काही कागद आपल्याकडे आहे का? किंवा घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं का? आपलं उत्तर येईपर्यंत मी काही बदलत नाही.’

यात ‘तुमचं चुकलं’ हे शब्द कुठेही नाहीत. शिवाय समोरच्याकडे खरंच कागद असू शकतो आणि तो हवा असतो आपल्यालाच. तीन-चार आठवडे वाट पाहा. उत्तर आलं नाही तर नातं सोडवा आणि कारणाच्या रकान्यात नीट लिहा: कुठल्या कागदात काय सापडलं, कशामुळे जुळत नाही आणि काय सापडलं तर ही जोडणी परत करता येईल. नुसतं ‘चुकीचं होतं’ लिहिलंत तर पुढचा भाचा पुढच्या मे महिन्यात तेच पुन्हा जोडेल. जोडणाऱ्याने हट्टाने पुन्हा जोडलं, तर रोज तोडत बसू नका. पानावर टीप ठेवा. जेनीवर ‘क्युरेटर’ असतात, त्यांना मध्ये घ्या.

वडिलांची जागा रिकामी राहिली तर राहू द्या. मुलांना ती रिकामी चौकट आवडत नाही, तिथे काहीतरी भरावंसं वाटतं. त्यांना सांगा, तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढ.

जाता जाता एक: हयात माणसांची, विशेषतः आजी-मावश्यांची माहेरची आडनावं आणि जन्मतारखा सगळ्यांना दिसतील अशा ठेवू नका. फोनवर ओळख पटवताना आईचं माहेरचं आडनाव विचारतात, हे ठगांनाही माहीत आहे.

दिवाळीला गावी जाल तेव्हा शाळेत किंवा तहसील कचेरीत रजिस्टर पाहायला मिळालं, तर आधी मुखपृष्ठाचा फोटो घ्या, मग पान क्रमांकासकट पूर्ण पानाचा आणि शेवटी आपल्या ओळीचा. नुसत्या ओळीचा फोटो दोन वर्षांनी कुठला होता, हे तुम्हालाही सांगता येत नाही. ओळ मोडीत असेल तर अंदाजाने वाचू नका. मोडी कुठे आणि कशी वाचून घ्यायची, ते पुढच्या महिन्यात.