पंडितांनी इंदूरला काय दिले?

फुटबॉलच्या जगात संघाच्या यशापयशाचा धनी व्यवस्थापक असतो. ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ ते २०१३ अशी सव्वीस वर्षे मँचेस्टर युनायटेडच्या गादीवर होते. त्यांच्या कारकिर्दीत तेरा वेळा लीगचे विजेतेपद आले आणि ते पायउतार झाल्यानंतरच्या दहा मोसमांत एकदाही नाही. आपल्याकडे क्रिकेटमध्ये मात्र सारे श्रेय परंपरेने कर्णधाराचे. प्रशिक्षक म्हणजे सरावाच्या वेळी झेल उडवणारा आणि पुढचा पाय कुठे टाकावा हे सांगणारा एक सद्गृहस्थ, इतकीच आपली समजूत! २६ जून २०२२ रोजी आम्हा इंदूरकरांची तरी ही समजूत पार बदलून गेली.

त्या दिवशी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि रणजी करंडक प्रथमच जिंकला. ज्या मुंबईने हा करंडक तोवर एक्केचाळीस वेळा जिंकला होता, त्याच मुंबईला! तेव्हापासून इंदुरात राजवाड्यापासून छप्पन दुकानापर्यंत क्रिकेटची गोष्ट निघाली, की प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचे नाव निघतेच. कोणी त्यांना जादूगार म्हणतो, तर कोणी परीस. माझा या दोन्ही विशेषणांना विरोध आहे. परीस नुसता स्पर्श करतो, त्याला कष्ट पडत नाहीत. आणि जादूगाराच्या पोतडीतून निघालेले कबुतर खेळ संपल्यावर पुन्हा पोतडीतच जाते.

पंडितांनी नेमके काय केले हे समजून घ्यायचे, तर १९९९ च्या एप्रिलमध्ये जावे लागेल. या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना ती आठवण सुखाची असेल, आमची मात्र जखम अजून ओली आहे. मैदान हेच, चिन्नास्वामी. रणजीचा अंतिम सामना, समोर कर्नाटक, आणि मध्य प्रदेशचे कर्णधार चंद्रकांत पंडित. पहिल्या डावात आम्हाला ७५ धावांची आघाडी होती. म्हणजे सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक आमचाच! शेवटच्या डावात फक्त टिकून राहायचे होते. तेच जमले नाही. विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे डाव १५० धावांत आटोपला आणि कर्नाटकाने ९६ धावांनी सामना जिंकला. त्या संघात गुणांची वाण होती असे कोणी म्हणणार नाही. पाचव्या दिवशी, दुपार कलल्यावर, काहीही न करता उभे राहण्याची जी एक कला असते, ती नव्हती.

मुंबईच्या मैदानांवर या कलेला एक खास शब्द आहे : खडूसपणा. हाती आलेले सोडायचे नाही, प्रतिस्पर्ध्याला उसने हसूही द्यायचे नाही. पंडित त्याच मुशीतून निघालेले यष्टिरक्षक, पाच कसोटी सामने खेळलेले. २०२० मध्ये ते प्रशिक्षक म्हणून आमच्याकडे आले आणि त्यांनी हा खडूसपणा माळव्यात रुजवला. माळव्यात, जिथे पोहे-जिलेबीची न्याहारीसुद्धा सावकाश चालते! रात्री-अपरात्री सरावाला बोलावणे, वेळेची कडक शिस्त, लाडके-दोडके न करणे, असे पुष्कळ त्यांच्याविषयी छापून आले. पण मला खरा पुरावा दिसतो तो धावफलकात. त्या अंतिम सामन्यात यश दुबेने १३३ धावांसाठी ३३६ चेंडू घेतले. शुभम शर्माने ११६ केल्या, रजत पाटीदारने १२२. मुंबईच्या ३७४ ला ५३६ चे उत्तर मिळाले. बघणाऱ्याला जांभई यावी अशी ती फलंदाजी होती, आणि तेवीस वर्षांपूर्वी नेमकी तीच हवी होती. व्यंकटेश अय्यर आणि आवेश खान हे आमचे दोन नावाजलेले खेळाडू भारतीय संघाबरोबर गेलेले असताना हे घडले, हेही लक्षात घ्यावे.

हा कडकपणा इंदूरला अगदीच परका होता असेही नाही. होळकर संघ १९४४-४५ ते १९५४-५५ या काळात दहा वेळा रणजीच्या अंतिम फेरीत गेला आणि चार वेळा जिंकला. त्याचे कर्णधार सी. के. नायडू काही प्रेमळ काका नव्हते. वयाची पन्नाशी उलटल्यावर त्यांनी बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात द्विशतक काढले होते. स्वतः इतके राबणारा माणूस इतरांना काय मोकळे सोडणार? त्याच मोसमात यशवंत क्लबच्या मैदानावर म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावा केल्या, एका डावात सहा शतके! (कन्नड मित्रांनो, १९९९ ची फेड आम्ही आगाऊच करून ठेवली होती.) होळकर संघ विसर्जित झाला, आणि नायडूंचा दरारा आठवणीत राहिला तरी संघाच्या अंगातून गेला.

म्हणूनच पंडितांचे गोडवे गाताना माझे मन थोडे अडखळते. आम्ही चाहते एका माणसाला देव्हाऱ्यात बसवून मोकळे होतो. पाटीदार आणि आवेश यांच्यावर त्यांच्या उमेदीच्या काळात मेहनत घेतली ती आमच्याच अमय खुरासिया यांनी. त्यांच्या नावाच्या घोषणा राजवाड्यावर किती जणांनी दिल्या? कळस लावणारा दिसतो, पायात दगड बसवणारा दिसत नाही.

प्रशिक्षकाचा प्रभाव मोजायचा तो तो निघून गेल्यावर. विदर्भाचे उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर आहे, कारण त्यातला पहिला अंक इंदुरातच घडला. जानेवारी २०१७ मध्ये होळकर स्टेडियमवर पंडितांचा मुंबई संघ गुजरातकडून अंतिम सामना हरला. बरोबर एका वर्षाने, १ जानेवारी २०१८ रोजी, त्याच मैदानावर त्यांच्या विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले आणि पहिला करंडक नेला; पुढच्या वर्षी दुसराही. नंतर पंडित विदर्भातून गेले. पण त्यांनी लावलेली सवय तिथे राहिली. २०२३-२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत आला, आणि वाटेत नागपूरच्या उपांत्य सामन्यात त्याने हरवले ते आम्हालाच, ६२ धावांनी.

२०२४-२५ चा अंतिम सामनाही नागपुरातच झाला. एका बाजूला पंडितांनी घडवलेला विदर्भ आणि दुसऱ्या बाजूला प्रथमच अंतिम फेरीत आलेला केरळ, ज्याचे प्रशिक्षक होते अमय खुरासिया. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने करंडक घेतला. त्या मोसमात मध्य प्रदेश शेवटच्या आठांतही नव्हता.