न विचारला जाणारा प्रश्न : १९७२चे सुवर्ण कोणाचे?

१/ स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एक प्रश्न ठरलेला असतो : ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्ण कोणी मिळवून दिले? अभिनव बिंद्रा, बीजिंग, २००८. उत्तर बिनचूक आहे. दोष आहे तो न विचारलेल्या प्रश्नात : पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्ण कोणाचे? ते ३६ वर्षे आधी, सांगली जिल्ह्यातील एका सैनिकाने जिंकले होते. #धागा

२/ प्रारंभ २९ जुलै १९४८चा. लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी युद्धात जायबंदी झालेल्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. १९६०मध्ये रोमला पहिले पॅरालिंपिक झाले. भारताचा पहिला चमू गेला १९६८मध्ये, तेल अवीवला. खेळाडू अवघे १०.

३/ १९७२चे ऑलिंपिक म्युनिकला होते, पॅरालिंपिक मात्र हायडेलबर्गला. कारण, म्युनिकच्या क्रीडाग्रामातील घरांचे खासगी सदनिकांत रूपांतर व्हायचे होते. दिव्यांगांच्या खेळाला जागा उरेल तेवढीच द्यायची, ही वृत्ती केवळ भारताची नव्हती. भारताने ती अधिक निष्ठेने पाळली, एवढेच.

४/ पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्याच्या ईएमई दलातील जवान आणि मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात अंगावर गोळ्या झेलून ते अपंग झाले. पोहणे सुरू झाले ते उपचार म्हणून. हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पूर्ण केली : सुवर्णपदक आणि आपल्या गटातील विश्वविक्रम.

५/ मग देशाने काय केले? पद्मश्री दिली, २०१८मध्ये. म्हणजे ४६ वर्षांनी. जून २०२४मध्ये त्यांच्यावरील ‘चंदू चॅम्पियन’ पडद्यावर आला आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५मध्ये हाती पडला. पराक्रम खरा मानण्यासाठी राज्यव्यवस्थेला चित्रपटाची वाट पाहावी लागावी, ही गौरवाची नव्हे, लाजेची गोष्ट आहे.

६/ १९७६ आणि १९८०च्या पॅरालिंपिकमध्ये भारत नव्हताच. १९८४मध्ये पाच जणांचा चमू गेला आणि चार पदके घेऊन परतला. भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत रौप्य मिळवले, जोगिंदरसिंग बेदी यांनी एकट्याने तीन पदके जिंकली. त्यानंतरचे पदक थेट २००४चे, अथेन्समधले.

७/ ‘देश गरीब होता, पैसा कुठून आणायचा?’ हा बचाव नेहमीचा. पण १९८२च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत भव्य स्टेडियम उभे राहिले, तरणतलाव बांधले गेले. दोनच वर्षांनी पॅरालिंपिकला गेले पाच जण. पैसा होता. त्याच्या वाटपात दिव्यांगांचे नाव नव्हते.

८/ ‘हा जुना इतिहास झाला,’ असेही म्हटले जाईल. मग २०१७ पाहा. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या दृष्टिहीन जलतरणपटू कांचनमाला पांडे बर्लिनच्या स्पर्धेला गेल्या. मंजूर निधी वेळेत न पोहोचल्याने परक्या शहरात उसनवारी करायची वेळ आल्याच्या बातम्या तेव्हा देशभर छापून आल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेक्सिकोतील जागतिक स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले.

९/ रिओला (२०१६) १९ खेळाडू, ४ पदके. टोकियोला ५४ खेळाडू, १९ पदके. पॅरिसला (२०२४) ८४ खेळाडू, २९ पदके. त्यांत सांगली जिल्ह्याच्याच आटपाडी तालुक्यातील सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतील रौप्य. आठ वर्षांत देशात गुणवत्ता अचानक उगवली नाही. ती आधीही होती. तिला प्रशिक्षण, पैसा आणि विमानाचे तिकीट आता कुठे मिळू लागले.

१०/ पण पदक ही हक्काची पूर्वअट नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम ३० सरकारवर थेट कर्तव्य टाकते : खेळात परिणामकारक सहभाग, सुविधांची त्यानुसार रचना आणि निधी. मनीषनगरच्या रेल्वे फाटकापाशी वाहने खोळंबत, म्हणून पूल झाला, उत्तम. त्याच मनीषनगरातील चाकाच्या खुर्चीवरचे मूल एकट्याने घरून निघून तरणतलावाच्या पाण्यापर्यंत पोहोचू शकते का, हा प्रश्न कोणत्या अंदाजपत्रकात मांडला गेला?

११/ पेटकरांना सत्कार उशिरा मिळाला, ही तक्रार दुय्यम आहे. मुख्य तक्रार अशी की, १९७२चा धडा देशाने गिरवलाच नाही. तो शाळेच्या पुस्तकात यावा आणि पालिकेच्या अंदाजपत्रकातही. नाहीतर पुढचा पेटकर आज कुठल्यातरी गल्लीत पायऱ्यांच्या खाली बसून असेल आणि त्याची दखल घ्यायला पुन्हा ४६ वर्षे लागतील.