नाका उठवा, देश राहू द्या

लहान देशांनी शेजारच्या मोठ्या देशात विलीन व्हावे, खर्च वाचेल, बाजारपेठ वाढेल, असा सल्ला अधूनमधून कोणीतरी देत असतो. नकाशावर बोट ठेवून तो पटकन पटतोही. पण हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याला हा प्रश्न शंभर वर्षे पुरला आहे. हे गाव हिंगोली जिल्ह्याच्या टोकाला आहे आणि पलीकडे वाशीम जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. भाषा दोन्हीकडे मराठी, माती तीच, सोयरिकीही हद्द ओलांडून होतात. तरीही इथे एकेकाळी दोन राजवटींची सीमा होती.

ती पडण्याचे कारण हिंगोलीतच होते. 1853 पर्यंत दोन्हीकडे निजामाचाच अंमल. इंग्रजांच्या देखरेखीखालच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची एक छावणी हिंगोलीला होती आणि फौजेचा पगार निजामाने द्यायचा होता. तो थकत गेला, कर्ज चढले आणि वसुलीपोटी इंग्रजांनी वऱ्हाड ताब्यात घेतले. त्याच वेळी गेलेला धाराशिवचा मुलूख 1860 मध्ये परत मिळाला. वऱ्हाड गेले ते गेलेच. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला 25 लाख रुपयांच्या कायम भाडेपट्ट्यावर निजामाची संमती मिळवली. अलीकडच्या किंवा पलीकडच्या रयतेला मात्र कोणी काही विचारले नाही.

मग नाके आले. निजामाच्या हद्दीवर करोडगिरी, म्हणजे मालावरचा कर, वसूल करणाऱ्या चौक्या ठिकठिकाणी होत्या. अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजी मुलूख. मोगलाईत हाली सिक्का चाले आणि वऱ्हाडात कलदार. शंभर कलदार रुपयांना साधारण 116-117 हाली मोजावे लागत. पूर्णेहून आलेली निजामाची मीटरगेज रेल्वे हिंगोलीला येऊन थांबली. वाशीम, अकोला पुढेच होते, पण रूळ तिकडे गेले ते स्वातंत्र्यानंतर.

या सगळ्यात हैदराबाद लहान होते म्हणून काही अडले नाही. संस्थानाचे क्षेत्रफळ दोन लाख चौरस किलोमीटरहून जास्त आणि 1941 ची लोकसंख्या दीड कोटीच्या वर होती. स्वतःचे नाणे, टपाल, रेल्वे, विद्यापीठ, सगळे होते. राज्यकारभारात लोकांना वाटा तेवढा नव्हता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालची स्टेट काँग्रेस झगडली ती याच मुद्द्यावर, आणि करोडगिरीचे नाके आंदोलकांच्या रोषाचे पहिले धनी झाले ते उगाच नव्हे. सामान्य माणसाला सरकार भेटे ते तिथेच.

17 सप्टेंबर 1948 ला भारताच्या पोलीस कारवाईपुढे निजामाच्या फौजेने शस्त्रे ठेवली. मराठवाडा हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो आणि रझाकारांचा जाच सोसलेल्या पिढीला तो तसाच वाटला. पण या कारवाईनंतरच्या सूडात किती माणसे मेली याचा पंडित सुंदरलाल समितीने दिलेला अंदाज 27 ते 40 हजार आहे आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड आहेत. विलीनीकरणाचा हिशेब मांडणाऱ्याने हा आकडा वगळू नये. हाली सिक्का व्यवहारातून पुरता जायला 1959 उजाडले. पुढच्या वर्षी महाराष्ट्र झाला, पण मोगलाई-वऱ्हाडाची सीमा त्याआधीच, 1956 च्या राज्यपुनर्रचनेत, नुसती जिल्ह्याची हद्द उरली होती.

एवढे सगळे नाका उठवण्यासाठी करावे लागते का? युरोपात लागले नाही. लक्झेंबर्ग हा देश सुमारे 2,586 चौरस किलोमीटरचा. हिंगोली जिल्हा त्याच्या पावणेदोनपट भरेल. लोकसंख्येतही हिंगोलीच पुढे. या देशाने 1921 मध्ये बेल्जियमशी आर्थिक संघ केला, पण आपले राज्य सोडले नाही. फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमा जिथे येऊन भिडतात त्या शेंगेन नावाच्या लक्झेंबर्गच्या गावी 14 जून 1985 रोजी पाच देशांनी करार केला आणि त्यातून पुढे हद्दीवरची तपासणी गेली. पाचही देश जागच्या जागी आहेत. उलट, देश एक असूनही नाके राहतात हे मुंबईकरांना सांगायला नको: दहिसर-मुलुंडच्या जकात नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा संपल्या त्या जुलै 2017 मध्ये, जीएसटी आल्यावर.

बारक्या राज्यात कारभार धड चालत नाही, हाही समज औंधने खोटा पाडला होता. पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचे, साताऱ्यापासून विजापूरपर्यंत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले हे संस्थान. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या घटनेनुसार, सत्ता ग्रामपंचायतींच्या हाती दिली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत उभी राहिली ती याच काळात. मार्च 1948 मध्ये औंध मुंबई प्रांतात गेले. ते अटळ होते, पण पंचायतींचा तो प्रयोग प्रांताने उचलला नाही, त्याच्याबरोबरच संपला.

तरी काही वेळा एकत्र येणे भागच पडते. तेव्हा अटी कुठे लिहिल्या आहेत ते पाहावे. एकेकाळी कर्जात बुडालेल्या न्यूफाउंडलंडने 1948 मध्ये दोनदा मतदान घेऊन, दुसऱ्या फेरीत 78,323 विरुद्ध 71,334 मतांनी, कॅनडात जाण्याचे ठरवले. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारी बोट चालू ठेवण्याची हमी विलीनीकरणाच्या अटींत आहे आणि त्या अटी कॅनडाच्या घटनेचा भाग आहेत. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्याला महाराष्ट्रात आणण्याचा 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार नेत्यांच्या सह्यांचा. मराठवाडा तर बिनशर्त आला, असे अभिमानाने सांगितले जाते. दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्यातला विकासाचा अनुशेष 3,186 कोटींचा काढला. निर्देशांक व अनुशेष समितीने 1994 ची स्थिती धरून केलेल्या मोजणीत तो 14,006 कोटींवर गेला. घटनेच्या 371(2) कलमाखालची विकास मंडळे आली तीच 1994 मध्ये, महाराष्ट्र झाल्यावर 34 वर्षांनी, आणि 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली तेव्हा मुंबईत फार कोणाला हळहळ वाटली नाही. बिनशर्त येण्यात मोठेपणा असेल, पण हिंगोलीच्या कालव्यांना आणि रस्त्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

विचारून काय फरक पडतो ते गोव्याने दाखवले. महाराष्ट्रात जायचे की केंद्रशासित राहायचे, यावर 16 जानेवारी 1967 रोजी तिथे मतदान झाले. विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांनी त्याआधी पद सोडले होते. 34,021 मतांनी विलीनीकरण हरले. महाराष्ट्रात तेव्हा बरेच जण हिरमुसले आणि आजही काही जण तो निकाल मराठीचा पराभव मानतात. गोवेकरांनी मात्र अडीच महिन्यांच्या आत झालेल्या निवडणुकीत बांदोडकरांच्याच हाती पुन्हा सरकार दिले.