प्रबंधाचे गणित स्वतःच्या लॅपटॉपवर

एमडी, एमएसच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी प्रबंध लिहावा लागतो. ओपीडीत आणि वॉर्डात फिरून तो रुग्णांची वये, रक्तदाब, साखर, तपासण्यांचे अहवाल गोळा करतो. सादर करायची तारीख जवळ आली की ही सगळी एक्सेल फाइल पेन ड्राइव्हवरून बाहेरच्या कुणा ‘स्टॅटिस्टिक्सवाल्या’कडे जाते आणि चार दिवसांत तक्ते, आलेख, ‘पी व्हॅल्यू’ असे सगळे तयार होऊन येते. ती पी व्हॅल्यू आली कशी, हे तोंडी परीक्षेत विचारले की अनेकांची बोलती बंद होते.

दुसरी वाट मित्राकडून महागड्या सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ केलेली प्रत घेण्याची. ती बसवताना अँटिव्हायरस बंद ठेवा, अशी सूचना बरेचदा सोबतच मिळते. ज्या लॅपटॉपवर रुग्णांची नावे आणि आजार आहेत, त्याचीच कडी काढून ठेवायची!

या दोन्हींची गरज नाही. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकात तयार केलेली ‘आर’ ही संगणकभाषा पूर्णपणे मोफत आहे. तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. आज जगभरचे संशोधक ती वापरतात. ‘क्रॅन’ या तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून ती उतरवून घ्यायची, मग ‘आरस्टुडिओ’ बसवायचे. हा क्रम महत्त्वाचा, कारण आरस्टुडिओ ही केवळ काम करायची खिडकी आहे. आत ‘आर’ नसेल तर काहीच चालत नाही. पुढे लागतील तशी ‘पॅकेजेस’ इंटरनेटवरून घेता येतात. फोल्डरची नावे साध्या रोमन अक्षरांत ठेवली तर पुढचा त्रास वाचतो. बरे इंटरनेट असेल तर हे तासाभराचे काम. आज्ञा लिहिण्याची धास्ती वाटणाऱ्यांसाठी ‘जामोवी’ आहे. तेही मोफत, आतून ‘आर’वरच चालणारे आणि माउसने वापरता येणारे.

मग एक्सेलने काय वाईट केले? नोंदी ठेवायला ते उत्तमच. पण २०२०च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून निसटले, कारण एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही लांबला. एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या परस्पर तारखा करते, म्हणून २०२० मध्ये चक्क त्या जनुकांचीच नावे बदलावी लागली. ‘आर’मध्ये दिलेली प्रत्येक आज्ञा फाइलमध्ये लिहून ठेवता येते. मार्गदर्शकाला किंवा परीक्षकाला तीच फाइल चालवून उत्तर पडताळता येते, आणि चूक असेल तर नेमकी ओळ सापडते.

सॉफ्टवेअर बसवले म्हणजे संख्याशास्त्र आले, असे मात्र मुळीच नाही. चुकीची चाचणी लावली तरी ‘आर’ बिनतक्रार उत्तर देते. संख्याशास्त्रज्ञ लागतोच, पण किती रुग्ण घ्यायचे हे ठरवताना, म्हणजे अभ्यास सुरू होण्याआधी. रात्रपाळ्यांनी पिचलेल्या निवासी डॉक्टरांनी हे सगळे एकट्याने शिकावे, ही अपेक्षाही अन्यायाची. महाविद्यालयांनी पहिल्या वर्षीच एक दुपार राखून प्रत्येकाच्या लॅपटॉपवर हे बसवून द्यावे, आणि सरावासाठी द्यायच्या फाइलमधून रुग्णांची नावे व फोन नंबर आधीच काढून टाकावेत.